आंब्रोली ते चौपाटी : विल्सन कॉलेजवरची ऋणे

संस्थेचा इतिहास लिहायचा म्हटला की आधी संस्थापकाची तसबीर, मग प्राचार्यांची परंपरा, मग इमारती आणि शेवटी निकालांचे आकडे, अशी आपल्याकडे रीत पडून गेली आहे. या लेखात ती रीत थोडी बाजूला ठेवण्याची परवानगी मी संपादक मंडळाकडे मागितली आणि त्यांनी ती आनंदाने दिली. आमच्या कॉलेजला डॉ. जॉन विल्सन यांचे नाव आहे आणि ते असायलाच हवे. पण विल्सनसाहेबांच्या नावावर जमा असलेल्या कामातले फारच थोडे त्यांनी एकट्याने केले. पत्नी, मेहुण्या, मराठी शिकवणारे पंडित, कोकणातले सहकारी, भर सभेत त्यांना अडवणारे प्रतिपक्षी, घरदार सुटलेले विद्यार्थी, आणि त्या विद्यार्थ्यांचे मागे राहिलेले आईबाप, या सगळ्यांनी मिळून ही संस्था उभी केली. काहींनी राजीखुशीने, काहींनी डोळ्यांत पाणी आणून. मी इथे शिकलो, इथेच शिकवले, आणि माझ्या आयुष्यात जे काही चांगले झाले त्याची वाट या दगडी जिन्यावरूनच गेली. म्हणून हा इतिहास मी ऋणांच्या अंगाने लिहितो आहे.

जॉन विल्सन यांचा जन्म ११ डिसेंबर १८०४ रोजी दक्षिण स्कॉटलंडमधल्या लॉडर या लहानशा गावी झाला. भावंडांत ते थोरले. चौदाव्या वर्षी एडिंबर्ग विद्यापीठात गेले, तिथे धर्मशास्त्राचा अभ्यास पुरा केला, आणि १८२८ च्या उन्हाळ्यात दीक्षा, लग्न आणि हिंदुस्थानचा प्रवास हे तिन्ही काही महिन्यांच्या आत उरकले. थोरला मुलगा असा सातासमुद्रापार निघाला तेव्हा लॉडरच्या त्या घरात काय झाले असेल, हे मराठी घरांना समजावून सांगायला नको. विल्सन पुन्हा मायदेशी पाऊल ठेवू शकले ते १८४३ साली, सुमारे पंधरा वर्षांनी. आमच्या संस्थेचे पहिले ऋण त्या आईबापांचे आहे.

फेब्रुवारी १८२९ मध्ये जॉन आणि मार्गारेट विल्सन मुंबईला उतरले. मराठीशिवाय इथे काम करता येणार नाही हे दोघांनाही ठाऊक होते. म्हणून शहरात बिऱ्हाड थाटण्याआधी ती दोघे कोकणात बाणकोट-हर्णैच्या बाजूला गेली. तिथे स्कॉटिश मिशनचे काम १८२३ पासून चालू होते. सुवर्णदुर्ग समोर असलेल्या त्या किनाऱ्यावर या दांपत्याचे मराठी सुरू झाले, आणि वर्ष उलटायच्या आत विल्सन लोकांसमोर मराठीत बोलू लागले. हे कसे घडले? बुद्धी तल्लख होती, हे खरे. पण भाषा पुस्तकातून इतक्या झपाट्याने येत नाही. समोर बसून उच्चार दुरुस्त करणारा, चुकीचे क्रियापद कानाला बोचले की थांबवणारा माणूस लागतो. त्या काळच्या मिशनऱ्यांच्या लेखनात असा माणूस बहुतेक वेळा नुसता ‘पंडित’ किंवा ‘मुन्शी’ म्हणून येतो. त्याला नाव नसते. आपला धर्म सांभाळून, परधर्मीयाला आपली भाषा शिकवणाऱ्या आणि प्रसंगी त्यासाठी जातभाईंचे टोमणे खाणाऱ्या त्या पंडितांना या स्मरणिकेत मानाचे पान मिळायला हवे. पुढे विल्सन कॉलेजातून मराठीचे जे अध्यापन झाले, त्याची मुळाक्षरे त्यांनी गिरवून घेतली.

कोकणातले दुसरे गुरू म्हणजे रॉबर्ट नेस्बिट. ते विल्सनांच्या आधी, १८२७ साली आले होते. वयाने फारसे मोठे नव्हते, पण मराठी इतके सफाईने बोलत की पडद्याआडून ऐकणाऱ्याला परका माणूस बोलतो आहे असे वाटत नसे, अशी त्यांची ख्याती होती. पुढे ते मुंबईच्या शाळेत शिकवू लागले आणि १८५५ साली पटकीने इथेच गेले. विल्सनांच्या नावामागे नेस्बिट झाकले गेले याची मला नेहमी खंत वाटते. आमच्या कितीतरी जुन्या विद्यार्थ्यांना ज्यांनी माणूस म्हणून जवळ केले ते नेस्बिट होते.

आता मार्गारेटबाईंविषयी. इथे मी जरा रेंगाळणार आहे. ग्रीनॉकच्या एका पाळकाची ही मुलगी मुंबईला आली तेव्हा तिशीच्या आसपास होती. नवऱ्याबरोबर मराठी शिकली आणि वर्षभरातच मुलींच्या शाळा काढू लागली. मुंबईत मुलींच्या शिक्षणाची सुरुवात अमेरिकन मिशनने १८२४ मध्ये केली होती. सिंथिया फरारबाई १८२७ पासून त्या कामात होत्या. तेव्हा मार्गारेटबाई पहिल्या नव्हेत, पण त्यांनी काम ज्या नेटाने पसरवले त्याला तोड नाही. मुलगी शाळेत येते म्हणजे घरातली काम करणाऱ्या हातांची एक जोडी कमी होते, आणि शिकलेल्या मुलीला नवरा मिळणार नाही ही भीती वेगळीच. घरोघर जाऊन, आयांशी ओसरीवर बसून बोलून त्यांनी मुली गोळा केल्या. १८३२ साली सुरू झालेली त्यांची शाळा गावदेवीत सेंट कोलंबा म्हणून आजही चालू आहे. विल्सन महिनेन्‌महिने घाटावर, गुजरातेत दौऱ्यावर असत. त्या काळात शाळा, शिक्षकांचे पगार, पत्रव्यवहार, ‘ओरिएंटल ख्रिश्चन स्पेक्टेटर’ या मासिकाचे काम, शिवाय घर आणि मुलेबाळे, असे सगळे मार्गारेटबाईंच्या अंगावर पडे. १९ एप्रिल १८३५ रोजी मुंबईतच त्यांचे निधन झाले. त्यांना या देशात सहा वर्षे मिळाली.

विल्सनांनी पुढे पत्नीचे चरित्र लिहिले. ते १८३८ साली प्रसिद्ध झाले. त्या काळातल्या विद्वानाने बायकोच्या कामाची अशी जाहीर नोंद करावी हे आजही थोडे दुर्मीळ आहे. प्रबंधाच्या ऋणनिर्देशात ‘पत्नीने वेळोवेळी सहकार्य केले’ एवढ्यावर भागवणारे कितीतरी लोक मी पाहिले आहेत. मार्गारेटबाईंच्या माघारी त्यांच्या बहिणी, ॲना बेन आणि हे बेन, स्कॉटलंडहून आल्या आणि मुलींच्या शाळा त्यांनी हाती घेतल्या. बहिणीचा मृत्यू ज्या हवेत झाला त्याच हवेत त्याच कामासाठी येणे, याला मी श्रद्धा म्हणतो. विल्सनांचा दुसरा विवाह १८४६ मध्ये इसाबेला डेनिस्टन यांच्याशी झाला. १८६७ पर्यंत, म्हणजे आपल्या मृत्यूपर्यंत, त्यांनीही हे घर आणि हे काम दोन्ही सांभाळले. मलबार हिलवरच्या ‘द क्लिफ’ या त्यांच्या बंगल्याचे दार सर्व जातिधर्मांच्या माणसांना उघडे असे. इसाबेलाबाईंची तिथली यजमानकी हा कॉलेजच्या इतिहासाचाच भाग आहे.

२९ मार्च १८३२ रोजी गिरगावात आंब्रोली येथे इंग्रजी शाळा सुरू झाली. आमच्या कॉलेजची जन्मतिथी ती. कलकत्त्याला अलेक्झांडर डफ यांनी दोन वर्षे आधी अशीच शाळा काढली होती, पण दोघांच्या रीतीत फरक होता. डफ यांचा सगळा भर इंग्रजीवर; विल्सन इंग्रजीबरोबर देशी भाषांना वर्गात मानाची जागा देत. माझ्या मते या संस्थेचा स्वभाव त्याच एका निर्णयाने ठरला. पुढे इथून मराठी ग्रंथकार, कोशकार आणि वक्ते निघाले त्याचे बीज तिथे आहे.

विल्सनांचे आणखी एक प्रकारचे गुरू होते, ते म्हणजे त्यांचे विरोधक. १८३१ मध्ये मोरभट दांडेकर यांच्याशी त्यांचा जाहीर वाद झाला. मोरभटांनी ‘श्रीहिंदुधर्मस्थापना’ लिहिली, विल्सनांनी पुढच्याच वर्षी तिला इंग्रजीत पुस्तकरूपाने उत्तर दिले. त्या उत्तरातला काही स्वर आज मला ख्रिस्ती माणूस म्हणूनही कठोर वाटतो. दुसऱ्याच्या देवघरात शिरताना पायताण बाहेर ठेवावे, हे आम्ही फार उशिरा शिकलो. पण या वादांचा एक मोठा लाभ झाला. प्रतिपक्षाला उत्तर द्यायचे तर त्याचे ग्रंथ मूळ भाषेत वाचावे लागतात. विल्सन संस्कृत शिकले, पारशी धर्मग्रंथांसाठी अवेस्ता आणि पहलवीकडे वळले, लेण्यांत आणि शिलालेखांत शिरले. १८३५ मध्ये ते गिरनारला गेले. तिथल्या अशोकाच्या लेखांचे ठसे त्यांच्या खटपटीमुळे कलकत्त्याला जेम्स प्रिन्सेप यांच्यापर्यंत पोचले, आणि प्रिन्सेप यांच्या वाचनाला त्यांचा मोठा उपयोग झाला. त्याच सुमारास मुंबईच्या एशियाटिक सोसायटीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. पुढे पश्चिम हिंदुस्थानातल्या लेण्यांची नोंद करणाऱ्या समितीचेही ते प्रमुख झाले. वाद घालायला आलेला माणूस अभ्यासक होऊन राहिला, आणि त्याचे श्रेय मोरभटांसारख्या निर्भीड शास्त्र्यांना द्यायला माझी ना नाही.

१८३९ साल मात्र सरळ लिहिता येत नाही. त्या वर्षीच्या मे महिन्यात धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी विद्यार्थ्यांनी बाप्तिस्मा घेतला. मुंबईत एकच खळबळ उडाली. धनजीभाईंच्या नातेवाइकांनी सुप्रीम कोर्टात धाव घेतली. मुलाला स्वतःचे बरेवाईट कळते, त्याला जिथे जायचे तिथे जाऊ द्या, असा निकाल झाला. शाळेतली पारशी मुले पालकांनी काढून घेतली, पटसंख्या कोसळली. मिशनच्या इतिहासात हा विजयाचा प्रसंग म्हणून सांगितला जातो. धनजीभाईंची निष्ठा खरी होती यात मला तिळमात्र शंका नाही. १९०८ मध्ये मरेपर्यंत ते आपल्या सेवेत राहिले. पण त्या कोर्टात दुसऱ्या बाजूला बसलेली माणसे क्रूर नव्हती. त्यांचे पोर हातचे जात होते. विश्वासाने शाळेत धाडलेला मुलगा परत आला नाही, हे दुःख त्यांनी जन्मभर वागवले. आमच्या पायाच्या दगडांत तेही दुःख आहे. ते मान्य केल्याखेरीज ऋणनिर्देश पुरा व्हायचा नाही.

चार वर्षांनी हेच पुन्हा घडले, या वेळी ब्राह्मण घरात. सप्टेंबर १८४३ मध्ये नारायण शेषाद्री यांनी नेस्बिट यांच्या हातून बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत बारा वर्षांच्या आसपासचा. तोही मिशनच्या घरी राहिला होता. कोर्टाने त्याला बापाच्या ताब्यात दिले. मग प्रश्न उभा राहिला, या मुलाला जातीत घ्यायचे की नाही. बाळशास्त्री जांभेकर त्याच्या पाठीशी उभे राहिले. प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्यावे म्हणून त्यांनी सनातन्यांचा रोष पत्करला. बाळशास्त्री आमच्या संस्थेचे कोणी नव्हते. धर्माच्या बाबतीत तर मिशनऱ्यांच्या विरुद्ध बाजूला होते. तरी आमच्या शाळेतल्या एका पोराला घर परत मिळावे म्हणून त्या विद्वानाने स्वतःची प्रतिष्ठा पणाला लावली. आम्ही ख्रिस्ती लोकांनी त्यांचे आभार कधी मानले नाहीत. ते इथे मानतो.

नारायण शेषाद्री पुढे पाळक झाले. त्यांनी जालन्याच्या बाजूला काम उभारले आणि हैदराबादचे दिवाण सर सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून बेथेल हे गाव वसवले. तिथे येऊन राहिलेली माणसे बहुतेक मांग-महार समाजातली होती. ब्राह्मण घरातून बाहेर पडलेला माणूस त्यांच्यात बापासारखा राहिला. माझ्या पणजोबांचे घर बेथेलातले. तिथल्या शाळेत त्यांनी पाटी धरली म्हणून माझ्या आजोबांनी पुस्तक धरले, आणि म्हणून मी आज हे लिहितो आहे. तेव्हा नारायण शेषाद्री हे नाव मला नुसते इतिहासातले नाही.

१८४३ हे साल संस्थेच्या बाहेरही उलथापालथीचे ठरले. विल्सन धनजीभाईंना बरोबर घेऊन जानेवारीत मुंबईहून निघाले होते आणि इजिप्त, सिनाई, पॅलेस्टाइन असे करत स्कॉटलंडकडे चालले होते. त्या प्रवासावरचा ‘द लँड्स ऑफ द बायबल’ हा ग्रंथ पुढे १८४७ साली निघाला. मे महिन्यात स्कॉटलंडच्या मंडळीत मोठी फूट पडली आणि सरकारी आश्रय नाकारणारी फ्री चर्च वेगळी झाली. विल्सन, नेस्बिट आणि शाळेतले त्यांचे सहकारी मरे मिचेल, सगळेच नव्या मंडळीबरोबर गेले. किंमत काय पडली? मुंबईत शाळेसाठी बांधत आणलेली इमारत, ग्रंथालय, उपकरणे, सगळे जुन्या मंडळीकडे राहिले. शिक्षक आणि विद्यार्थी तेवढे बाहेर पडले आणि भाड्याच्या जागेत पुन्हा वर्ग भरले. त्या दिवसांत शाळेचा भार वाहिला तो विल्सनांनी नव्हे, नेस्बिट आणि मरे मिचेल यांनी, आणि त्यांच्याबरोबर राहिलेल्या देशी शिक्षकांनी. प्रमुख परदेशात असताना संस्था मोडू न देणारे सहकारी मिळणे, यासारखे भाग्य नाही. धनजीभाईंना १८४६ मध्ये एडिंबर्गला दीक्षा मिळाली. विद्यार्थी म्हणून गेलेला मुलगा सहकारी होऊन परतला.

याच शाळेत काही वर्षांनी बेळगावचा एक मुलगा आला. बाबा पदमनजी. जन्म १८३१, जात त्वष्टा कासार. नेस्बिट, मिचेल आणि विल्सन यांच्या हाताखाली तो शिकला. १८५४ मध्ये त्याने बेळगावला बाप्तिस्मा घेतला. १८५७ मध्ये त्याचे ‘यमुनापर्यटन’ आले, आणि मराठी कादंबरीचा इतिहास लिहिणारा कोणीही त्या पुस्तकाला ओलांडून जाऊ शकत नाही. विधवांच्या हालांवर इतक्या कळकळीने लिहिणारा तो तरुण आमच्या वर्गातून गेला, याचा मला अभिमान आहे. ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात त्यांनी आपल्या मनाची घालमेल उघडी केली आहे. ख्रिस्ती झाल्यावरही आईबापांची ओढ सुटत नाही हे त्यांच्याइतके प्रामाणिकपणे फार थोड्यांनी लिहिले.

माझ्या टेबलावर मोल्सवर्थच्या कोशाची प्रत आहे, शुभदा-सारस्वतने १९७५ मध्ये काढलेल्या पुनर्मुद्रणाची. वडील मिशन शाळेत मास्तर होते; पगारातून पैसे बाजूला टाकून त्यांनी ती घेतली. शिकवताना अडलेल्या शब्दापुढे ते शिसपेन्सिलीने बारीक टिंब करत, आणि तोच शब्द पुन्हा अडला तर दुसरे टिंब. ‘ओवसा’पुढे तीन टिंबे आहेत. कोशाची पहिली आवृत्ती १८३१ची, मोल्सवर्थ आणि कँडी बंधूंची. दुसरी १८५७ची. तिच्या आरंभी मोल्सवर्थच्या प्रस्तावनेपाठोपाठ मराठी भाषेच्या घडणीवर आणि प्रसारावर एक दीर्घ टिपण आहे. ते जॉन विल्सन यांचे. आणि या कोशाचा संक्षेप करून शाळकरी मुलांना परवडेल असे पुस्तक १८६३ मध्ये तयार केले बाबा पदमनजींनी. गुरूने ज्या ग्रंथाला टिपण जोडले, तोच ग्रंथ शिष्याने गरिबाच्या हातात दिला. हर्णैच्या अनामिक पंडितांपासून निघालेली वाट अशी माझ्या वडिलांच्या शिसपेन्सिलीपर्यंत येते.

विल्सनांच्या घरात वाढलेल्या मुलांत आफ्रिकेची मुलेही होती. १८६४ साली आफ्रिकेचे शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन मुंबईला आले तेव्हा गुलामगिरीतून सुटलेले चुमा आणि विकातानी हे दोन मुलगे त्यांनी विल्सनांकडे ठेवले. पुढच्या वर्षी विल्सनांनीच त्यांना बाप्तिस्मा दिला. १८७३ मध्ये आफ्रिकेच्या अंतर्भागात लिव्हिंग्स्टन वारले. त्यांचा देह शेकडो मैल वाहून किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांत हाच चुमा पुढे होता.

मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले आणि १८६१ मध्ये आमचे कॉलेज त्याला जोडले गेले. १८६८ साली विल्सन कुलगुरू झाले. मुंबईत आल्याला चाळीस वर्षे झाली म्हणून १८६९ मध्ये शहरातल्या नागरिकांनी त्यांचा सत्कार केला. हिंदू, पारशी, मुसलमान, युरोपीय, सगळ्यांनी मिळून वीस हजारांहून अधिक रुपयांची थैली दिली. त्यांनी ती रक्कम स्वतःसाठी न ठेवता भाषाशास्त्राच्या व्याख्यानांसाठी विद्यापीठाकडे जावी अशी व्यवस्था केली. तीच विल्सन फिलॉलॉजिकल लेक्चर्स. १८७७ मध्ये या व्यासपीठावरून रामकृष्ण गोपाळ भांडारकर संस्कृत आणि तिच्यापासून निघालेल्या भाषांवर बोलले. आपल्याकडच्या भाषाभ्यासाची ती एक खूण ठरली. १९१३ मध्ये पांडुरंग वामन काणे यांनी ही व्याख्याने दिली. काणे दापोलीच्या मिशन शाळेत शिकले, मग आमच्या कॉलेजातून पदवीधर झाले, आणि पुढे ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ लिहून भारतरत्न झाले. दापोलीहून हर्णै हाकेच्या अंतरावर आहे. विल्सनांनी ज्या मातीत मराठी उसने घेतले, तिथल्याच एका मुलाने भाषांविषयीचे आपले ज्ञान त्यांच्या नावाच्या व्यासपीठावर आणले. सनातन धर्माच्या ग्रंथांचा इतका मोठा अभ्यासक एका मिशन कॉलेजने घडवला, हे मला आमच्या इतिहासातले सर्वांत सुंदर पान वाटते.

१ डिसेंबर १८७५ रोजी विल्सन मुंबईतच निवर्तले. त्यांच्या अखेरच्या काळात बेहरामजी मलबारी नावाचा विशीतला एक गरीब पारशी कवी गुजराती कवितांची वही घेऊन त्यांच्याकडे आला होता. विल्सनांनी ती वाचली, वाखाणली, छापण्यासाठी मदत केली. ‘नीतिविनोद’ १८७५ मध्येच बाहेर आले. तीन वर्षांनी मलबारींनी ‘विल्सनविरह’ हे शोककाव्य लिहिले. १८३९ मध्ये ज्या समाजाने विल्सनांविरुद्ध कोर्टात धाव घेतली, त्याच समाजाच्या मुलाने त्यांच्यासाठी विलापिका लिहावी! मलबारी कधी ख्रिस्ती झाले नाहीत, आणि त्यांच्या कृतज्ञतेला त्याची गरजही पडली नाही.

पुढचा काळ वाचकांना अधिक परिचयाचा आहे. डगल्ड मॅकिकन १८७७ मध्ये आले. ग्लासगोला विल्यम टॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांच्या प्रयोगशाळेत काम केलेला हा पदार्थविज्ञानाचा माणूस चार दशके इथे राहिला. चौपाटीची आजची इमारत जॉन ॲडम्स यांच्या आराखड्याप्रमाणे १८८९ मध्ये मॅकिकन यांच्या कारकिर्दीत उभी राहिली. नंतरचे प्राचार्य जॉन मॅकेन्झी तत्त्वज्ञानाचे. त्यांनी हिंदू नीतिशास्त्रावर १९२२ मध्ये ग्रंथ लिहिला, आणि तो मोरभटांच्या काळातल्या उत्तराशेजारी ठेवून वाचला की नव्वद वर्षांत इथल्या ख्रिस्ती अभ्यासकाची नजर किती मवाळ आणि किती खोल झाली ते दिसते. तत्त्वज्ञानाच्याच विभागात डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे शिकवत. १९४७ मध्ये मुंबईची स्थिर नोकरी सोडून ते नगरला गेले आणि दुष्काळी मुलखातल्या मुलांसाठी त्यांनी अहमदनगर कॉलेज काढले. आमच्या शिक्षकाने उभारलेले ते कॉलेज आम्ही आमच्याच घरातले मानतो. उषा मेहता इथे तत्त्वज्ञान शिकल्या. १९४२ मध्ये त्यांनी काँग्रेस रेडिओ चालवला, तुरुंगात गेल्या, आणि नंतर इथेच राज्यशास्त्र शिकवत राहिल्या. मिशन कॉलेज म्हणजे साहेबाचे कॉलेज, असे म्हणणाऱ्यांना मी त्यांचे नाव सांगतो.

आता थोडे माझे. संस्थेच्या इतिहासात लेखकाने स्वतःविषयी लिहू नये हे मला कळते, पण माझे ऋण सांगितले तर इतर सेवानिवृत्त सहकाऱ्यांनाही आपापले सांगावेसे वाटेल. मला ख्रिस्तपुराण शिकवले ते एका वारकरी घरातल्या सरांनी. फादर स्टीफन्सच्या ओव्या ते अशा ठेक्यात म्हणत की वर्गातल्या आम्हा ख्रिस्ती मुलांना आपलाच ग्रंथ पहिल्यांदा कळला. ‘तुझी भाषा तुझ्या आजीकडून आली आहे, ती पुसू नकोस,’ असे त्यांनी मला बजावले, कारण मी बेथेलची बोली लपवून पुण्याचे मराठी बोलायला बघत होतो. त्यांच्याच शिफारशीने मी पुढे या विभागात रुजू झालो. बायको गंभीर आजारी होती त्या वर्षी माझे तास कोणी घ्यायचे हा प्रश्न विभागात निघालाच नाही. वेळापत्रकावर माझे नाव तसेच राहिले आणि वर्गावर एक मुसलमान सहकारी उभे राहत. महिन्याअखेरी मी आभार मानायला गेलो तेव्हा त्यांनी माझ्या पाठांसाठीच्या टिपणांतल्या दोन चुका दाखवल्या आणि चहा मागवला. बायको बरी झाली. गावदेवीतल्या शाळेत ती स्वतः शिकवायची, घरी येऊन दोन्ही वेळचे बघायची, आणि माझा प्रबंध तिने रात्री बसून स्वच्छ अक्षरात उतरवून काढला. त्या प्रबंधाच्या ऋणनिर्देशात तिच्यासाठी एक ओळ आहे. मार्गारेटबाईंविषयी विल्सनांनी एक अख्खे पुस्तक लिहिले, हे मी वर एवढ्या विस्ताराने का सांगितले, ते तिला हा लेख वाचल्यावर कळेल.

देवाने मला हे सगळे लोक दिले. उपासनेत आम्ही सहज म्हणतो, की प्रत्येक चांगले दान वरून येते. माझ्या बाबतीत ते दान आले ते बहुतेक वेळा कोणाच्या तरी हातून, आणि ते हात बहुधा माझ्या धर्माचे नव्हते.

स्मरणिका समितीला एक विनंती करून थांबतो. मागच्या पानांत विश्वस्त, प्राचार्य आणि प्राध्यापक यांच्या याद्या येणारच आहेत. त्याच मोठ्या टायपात प्रयोगशाळेतले मदतनीस, ग्रंथालयातली मंडळी, घंटा देणारे शिपाई, मॅकिकन हॉल आणि पंडिता रमाबाई वसतिगृहातले स्वयंपाकी, इमारत झाडणाऱ्या बाया, यांचीही यादी यावी. जुन्या पगारपत्रकांत ही नावे आहेत. ती उतरवून घेण्याचे काम मी आणि आमच्या तुकडीतले दोघे जण करायला तयार आहोत. ज्यांच्याकडे कुटुंबातल्या कोणाची माहिती असेल त्यांनी ती कार्यालयात आणून द्यावी, टोपणनावासह, कारण पुष्कळांना आम्ही टोपणनावानेच ओळखत होतो.